४०, उस्मानाबाद : एका मतदारसंघाची वाटचाल

मतदारसंघाला कुणी संस्था म्हणत नाही. त्याला इमारत नाही, विश्वस्त नाहीत, वर्धापनदिन नाही. पाच वर्षांतून एकदा आयोगाची अधिसूचना निघते, महिना-दीड महिना गावोगाव जीपगाड्या फिरतात, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी. तरीही सत्तर वर्षांहून अधिक काळ तो तग धरून आहे. जिल्ह्यातले कारखाने आजारी पडले, बँका अडचणीत आल्या, पक्ष फुटले, जिल्ह्याचेसुद्धा दोन तुकडे झाले. लोकसभेचा उस्मानाबाद मतदारसंघ मात्र टिकला. आज त्याचा क्रमांक ४० आहे. साखर कारखान्यांचा आणि शिक्षणसंस्थांचा इतिहास ज्या तपशिलाने आपल्याकडे लिहिला जातो, तेवढ्या तपशिलाने याचाही लिहायला हरकत नाही.

सुरुवात निजामी राजवटीपासून करावी लागते, कारण मतदानाचा हक्क इथे फार उशिरा आणि फार घाईत आला. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने साधी सभा घ्यायलाही परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघे. बातमी वाचायला मिळणे हीच तेव्हा राजकीय कृती होती. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौजा आत शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ तारखेला संस्थान शरण आले. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, १९५२ मध्ये, याच नळदुर्गच्या परिसरातला शेतकरी लोकसभेसाठी मत द्यायला उभा होता. ज्याला सभा घेता येत नव्हती त्याला थेट दिल्लीचा प्रतिनिधी निवडायचा होता.

तेव्हाची पद्धत आज सांगितली तर नवलाची वाटते. मतपत्रिकेवर नावे नव्हती, शिक्काही मारायचा नव्हता. मतदान केंद्रातल्या आडोशाच्या जागी प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असे, आणि पेटीच्या बाहेर आणि आत त्या उमेदवाराचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, झाले. या लाखो पेट्या देशभरातल्या ज्या कारखान्यांत तयार झाल्या त्यांत मुंबईचे गोदरेज होते, तसे हैदराबादचे ऑल्विनही होते. वाचता येणारी माणसे मोजकीच असलेल्या भागात चिन्ह हाच सगळा मजकूर. बैलजोडीचे चित्र ओळखता आले की काँग्रेस ओळखता आली.

१९५२ ला इथून काँग्रेसचे राघवेंद्र दिवाण निवडून आले, १९५७ ला व्यंकटराव नळदुर्गकर. त्या मधल्या पाच वर्षांत मतदारसंघ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. हैदराबादच्या मंत्रिमंडळात फुलचंद गांधी आणि देवीसिंग चौहान असे या जिल्ह्यातले दोघे होते. काँग्रेसला खरा विरोध होता शेतकरी कामगार पक्षाचा. कळंब तालुक्यातल्या इटकूरचे भाई उद्धवराव पाटील हे त्या पक्षाचे इथले नाव, आणि विधिमंडळात विरोधी बाकांवरून त्यांनी गाजवलेल्या भाषणांच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. शेकापचा खटारा भिंतीभिंतींवर रंगवलेला असे. लोकसभेची जागा मात्र त्या पक्षाला कधी मिळाली नाही. १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन निवडणुका तुळशीराम पाटील यांनी काँग्रेसकडून जिंकल्या.

त्या तीन निवडणुकांच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. १९६२ पासून वेगवेगळ्या पेट्यांची पद्धत गेली आणि छापील मतपत्रिकेवर बाण-फुलीचा शिक्का मारायची पद्धत आली. म्हणजे चिन्ह पेटीवरून कागदावर उतरले. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली आणि १९७१ ला इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन आला. १९७७ ला देशभर काँग्रेसची पडझड झाली तरी टी. एस. शृंगारे गाय-वासरावर इथून निवडून गेले. १९७८ ला पक्ष पुन्हा फुटला, आणि १९८० ला मतदाराच्या हातात आला पंजा. तेरा वर्षांच्या अवधीत बैलजोडी, गाय-वासरू आणि हात, अशी तीन चिन्हे, आणि जागा एकाच पक्षाकडे. तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता. भिंती, कर्णे आणि आठवडी बाजार यांच्या जोरावर नवे चिन्ह खेड्यापाड्यांत पोचले. अगदी अलीकडे ‘नवे चिन्ह खेड्यात पोचेल का’ यावर वाहिन्यांवर रात्र-रात्र चर्चा झाल्या, तेव्हा या मतदारसंघाने हा पेपर आधीच दोनदा सोडवला आहे हे कुणाला आठवले नाही.

१९७७ पासून आणखी एक बदल झाला, आणि माझ्या मते या मतदारसंघाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल तोच आहे. जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. २००४ पर्यंत ती राखीव राहिली. अरविंद कांबळे १९८४, १९८९, १९९१ आणि १९९८ असे चार वेळा काँग्रेसकडून गेले, शिवाजी कांबळे १९९६ आणि १९९९ ला शिवसेनेकडून. २००४ ला शिवसेनेच्या कल्पना नरहिरे यांनी राष्ट्रवादीच्या लक्ष्मणराव ढोबळे यांच्यावर निसटता विजय मिळवला. या मतदारसंघाने आजवर लोकसभेत पाठवलेल्या त्या एकमेव महिला. एवढ्या सगळ्या काळात जिल्ह्यातल्या मोठ्या घराण्यांना दिल्लीची ही जागा लढवताच येत नव्हती. त्यांचे राजकारण विधानसभा, जिल्हा परिषद, कारखाना आणि जिल्हा बँक यांत चाले. तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील १९७८ पासून विधानसभेत होते, मंत्री होते. पण खासदार कोण व्हावा याचे गणित त्यांच्या गोतावळ्यापेक्षा थोडे निराळे असे. ते पूर्ण निराळे होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उमेदवार कुणाच्या वाड्यावरून ठरतो हे लोकांना कळत होतेच. तरीही नाव वेगळे असे, घर वेगळे असे.

मधल्या काळातल्या घडामोडी एका दमात सांगून टाकतो. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. १९८९ पासून अठरा वर्षांच्या पोरांना मत मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा-औसा पट्ट्यातली गावेच्या गावे भुईसपाट केली. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात ओळखपत्रे आली, भिंती रंगवण्यावर आणि रात्री उशिरापर्यंतच्या कर्ण्यांवर टाच आली. प्रचार शांत झाला, आणि खरे सांगायचे तर थोडा बेचवही झाला. २००४ ला सगळीकडे मतदान यंत्रे आली. कागदावर उतरलेले चिन्ह आता निळ्या बटणाशेजारी जाऊन बसले.

२००८ च्या फेररचनेने सगळा डाव नव्याने मांडला. उस्मानाबाद खुला झाला आणि शेजारचा लातूर राखीव. कळंब हा विधानसभा मतदारसंघच नकाशावरून गेला. आता लोकसभेच्या या जागेत उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा हे जिल्ह्यातले चार, लातूर जिल्ह्यातला औसा आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. तीन जिल्हाधिकारी, तीन पालकमंत्री, एक खासदार. बार्शीच्या मतदाराचा बाजार, दवाखाना, न्यायालय सोलापूरकडे आणि खासदार मात्र इकडचा. अशा गैरसोयीचा हिशेब फेररचनेच्या कागदांत येत नाही.

जागा खुली झाल्यावर काय झाले ते आकडेच सांगतात. २००९ ला पद्मसिंह पाटील यांना ४,०८,८४० मते पडली, शिवसेनेचे रवींद्र गायकवाड यांना ४,०२,०५३. फरक ६,७८७. बाकीच्या उमेदवारांनी मिळून घेतलेली मते या फरकाच्या कितीतरी पट होती. २०१४ ला तेच दोघे पुन्हा समोरासमोर, आणि गायकवाड २,३४,३२५ मतांनी पुढे. २०१९ ला पद्मसिंहांचे चिरंजीव राणाजगजितसिंह पाटील विरुद्ध त्यांचेच भाऊबंद, शिवसेनेचे ओमप्रकाश ऊर्फ ओमराजे राजेनिंबाळकर. ओमराजे १,२७,५६६ मतांनी विजयी. २०२४ ला राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील विरुद्ध ओमराजे, आणि फरक ३,२९,८४६. चार निवडणुका आणि चारही वेळा राष्ट्रवादीच्या घड्याळ चिन्हावर एकाच घरातला उमेदवार: वडील, वडील, मुलगा, सून. मधल्या काळात राणाजगजितसिंह २०१९ च्या विधानसभेआधी भाजपमध्ये गेले आणि तुळजापूरचे आमदार झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये अर्चना पाटील राष्ट्रवादीच्या अजित पवार गटात आल्या आणि लगेच उमेदवार झाल्या. पती कमळावर, पत्नी घड्याळावर, आणि दोन्ही एकाच महायुतीत. पाच वर्षांपूर्वी ज्या घड्याळाविरुद्ध भाजपचे कार्यकर्ते बूथवर बसले होते, त्याच घड्याळाच्या चिठ्ठ्या त्यांना आता वाटायच्या होत्या. गावच्या पारावर लोक हे सगळे बोलून दाखवत होते, तेही हसत.

या निकालांमागची निवडणुकीची रीत समजून घ्यायला इथे जगाकडे थोडे पाहावे लागेल. ज्याला सगळ्यांत जास्त मते तो निवडून आला, मग ती निम्मी असोत वा तिसरा हिस्सा, ही रीत आपण इंग्रजांकडून घेतली. कॅनडानेही तिथूनच घेतली. त्या देशात या रीतीवर गेली पंचवीस वर्षे मोठा वाद आहे. १९९३ ला तिथल्या सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मते मिळूनही जागा मिळाल्या फक्त २, आणि क्वेबेकपुरत्या असलेल्या ब्लॉक पक्षाला त्याहून कमी मतांत ५४. २०१९ ला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची मते लिबरलांपेक्षा जास्त होती, सरकार लिबरलांचेच आले. जस्टिन ट्रुडो यांनी ‘२०१५ ची निवडणूक या पद्धतीची शेवटची’ असे वचन दिले होते. सत्तेवर आल्यावर २०१७ मध्ये ते गुंडाळून ठेवले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ च्या सार्वमतात जवळजवळ ५८ टक्के लोकांनी बदलाला होकार दिला, पण अट ६० टक्क्यांची होती. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसॉगात राहणारी आपली मराठी मंडळी या वादात मतदार म्हणून सामील आहेत. तिथल्या मतपत्रिकेवर आजही चिन्ह नाही. पक्षाचे नावसुद्धा १९७२ पर्यंत छापले जात नसे. उमेदवाराचे नाव वाचायचे आणि पेन्सिलीने फुली मारायची.

आपल्याकडे या अन्यायाची उदाहरणे शोधायला कॅनडाला जायची गरज नाही. २०२४ च्या विधानसभेत शरद पवारांच्या पक्षाला राज्यात ११ टक्क्यांच्या वर मते आणि जागा १०. अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के आणि जागा ४१. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या वाढीव जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात द्याव्यात असे सुचवले होते. तो अहवाल धूळ खात आहे. हा बदल व्हावा असे मलाही वाटते. तरी उस्मानाबादच्या २००९ नंतरच्या निकालांवरून पाहिले तर ही जागा त्या वादात नीट बसत नाही. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीच्या अर्जुन सलगर यांनी ९८ हजारांवर मते घेतली तेव्हा ‘वंचितमुळे घड्याळ पडले’ असे छापून आले. बेरीज केली तर घड्याळाची ४,६९,०७४ आणि वंचितची मते मिळूनही ओमराजेंच्या ५,९६,६४० पर्यंत पोचत नाहीत. ‘मतविभागणी’ हे पत्रकारांचे आवडते औषध आहे, प्रत्येक दुखण्यावर चालते. या मतदारसंघाचा जिव्हारी लागणारा प्रश्न वेगळाच होता: मत ज्या चिन्हाला दिले ते चिन्ह कुणाचे, हे मतदाराने ठरवायचे की दिल्लीतल्या कार्यालयाने?

२० जून २०२२ च्या रात्री तो प्रश्न रस्त्यावर आला. विधान परिषदेच्या मतदानानंतर, एकनाथ शिंदेंच्या बंडात, शिवसेनेच्या आमदारांच्या गाड्या ठाण्याहून गुजरातच्या दिशेने निघाल्या. त्यात उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील होते. सीमेजवळ गाडी थांबल्यावर ते लघुशंकेच्या निमित्ताने खाली उतरले आणि अंधारात मुंबईच्या दिशेने चालू लागले. पाऊस पडत होता. काही किलोमीटर पायी, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर, मग ट्रकमध्ये, असे करत ते परत आले. त्यांनी स्वतः सांगितलेली ही हकीकत दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाहिनीवर होती आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात. परंड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले एकनाथ शिंदेंबरोबर गेले. ओमराजे उद्धव ठाकरेंबरोबर राहिले. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंकडे दिला. २००९, २०१४, २०१९ अशा तीन लोकसभा ज्या चिन्हावर लढल्या गेल्या ते चिन्ह बदलले. ठाकरेंच्या बाजूच्या मतदाराला २०२४ ला मशाल शोधायची होती.

७ मे २०२४ ला त्याने ती शोधली. या सगळ्या मालिकेतले सर्वांत मोठे मताधिक्य मशालीला मिळाले. प्रसारमाध्यमांनी याचे श्रेय सहानुभूतीला दिले, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला दिले, सोयाबीनच्या पडलेल्या भावाला दिले. ही सगळी कारणे खरी असतील. मला एक वेगळे कारण दिसते. ओमराजे स्वतः फोन उचलतात, अशी त्यांची ख्याती. शेतकऱ्याचा फोन आला, खासदाराने तलाठ्याला किंवा वीज कंपनीच्या साहेबाला लावला, आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित होऊन गावोगाव फिरले. रोहित्र जळाल्याचे, पीकविम्याचे, रस्त्याचे हे बोलणे ऐकताना मतदाराला पक्ष दिसत नाही, आवाज ऐकू येतो. निवडणुकीच्या काळातल्या बातम्यांवर, जाहिरातींवर जिल्हा पातळीवरची समिती लक्ष ठेवते, पैसे घेऊन छापलेल्या बातम्या शोधते. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात विकत घेतलेल्या बातम्यांवरून गदारोळ झाला, त्यानंतर हा सगळा सरंजाम उभा राहिला. पाच वर्षे रोज फिरणाऱ्या अडीच मिनिटांच्या आवाजाचा खर्च कोणत्या खात्यावर मांडायचा, हे त्या समितीच्या नमुन्यात नाही.

माध्यमांचा हात उलटाही चालतो. २३ मार्च २०१७ ला खासदार रवींद्र गायकवाड यांनी दिल्लीच्या विमानतळावर एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि तसे कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगितले. दोन आठवडे विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट दिले नाही. दोन वर्षांनी शिवसेनेनेही दिले नाही. त्या एकाच कारणाने उमेदवारी गेली असे म्हणता येणार नाही, पण देशभरात उस्मानाबादचे नाव त्या दिवसांत जितके घेतले गेले तितके पीकविम्यासाठी कधी घेतले गेले नाही, हे खरे.

नवे चिन्ह पोचते असे वर म्हटले, त्याला दुसरी बाजूही आहे. २०२४ च्या लोकसभेत साताऱ्याला शरद पवारांच्या पक्षाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ ३२,७७१ मतांनी हरला आणि तुतारीसारखी दिसणारी पिपाणी घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मते गेली. नोव्हेंबरच्या विधानसभेत परंड्याला तानाजी सावंत राहुल मोटे यांच्यावर १,५०९ मतांनी निवडून आले. पिपाणीमुळे गेलेल्या जागांची जी यादी शरद पवारांच्या पक्षाने केली, तीत परंडाही होता. यंत्रावर उमेदवाराचा फोटो २०१५ पासून आला आहे, चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट २०१९ पासून सगळीकडे आहे, तरी काचेमागची चिठ्ठी सात सेकंदच दिसते आणि साठी ओलांडलेल्या डोळ्यांना ती पुरतेच असे नाही. उमरग्याला मात्र मशालीचे प्रवीण स्वामी धनुष्यबाणाच्या चौगुलेंवर चार हजारांच्या आतल्या मतांनी निवडून आले. उस्मानाबादला कैलास पाटील पुन्हा आले, तुळजापूरला राणाजगजितसिंह. राज्यात महायुतीची लाट आणि या जिल्ह्यात दोन-दोन अशी वाटणी.

सुधारणेच्या नावाने एवढे सगळे झाले तरी मधल्या काळात साधी गोष्ट राहून गेली. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. लोकसभेला मतदार दोन किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन मत देत होता, आणि गावच्या पाणंद रस्त्यासाठी दाद मागायला त्याचा स्वतःचा झेडपी सदस्यच नव्हता. फोन उचलणाऱ्या खासदाराला इतके फोन का येत, याचे अर्धे उत्तर या रिकाम्या खुर्च्यांत होते. रोहित्र आणि पाणंद रस्ता हे काही संसदेचे विषय नव्हेत.

आता पुढची फेररचना येईल. घटनेने ती २०२६ नंतरच्या जनगणनेशी बांधली आहे, आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. लोकसभेतल्या महिला आरक्षणाचा २०२३ चा कायदाही जनगणनेनंतरच्या फेररचनेलाच जोडलेला आहे. बार्शी आणि औसा या मतदारसंघात राहतील का, कळंब परत येईल का, जागा पुन्हा राखीव होईल का, महिलांसाठी होईल का, हे सगळे तेव्हा ठरेल. जिल्ह्याचे नाव २०२३ ला अधिकृतपणे धाराशिव झाले. २००८ च्या आदेशातला मतदारसंघ मात्र अजून ‘४०, उस्मानाबाद’ असाच आहे आणि २०२४ चा निकाल आयोगाने त्याच नावाने जाहीर केला. या वेळी हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा नावासाठी गर्दी होईल यात शंका नाही. बार्शीच्या आणि औशाच्या माणसाने आपल्या कामासाठी कुठल्या जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे आणि खासदार कुठे शोधायचा, या हरकतीवरही कुणीतरी सही करून ती दाखल करायला हवी.